ऑनर्सवाल्याचं संध्याकाळचं जेवण

दिवाळीची सुट्टी संपून बेळगावच्या कॉलेजची दुसरी टर्म सुरू झाली. पहिल्याच दिवशी श्रीपाल मगदूम बी. ए.च्या ऑनर्स वर्गात जाऊन बसला आणि त्याच दिवशी त्याचं संध्याकाळचं जेवण बंद पडलं. पुढे या श्रीपालचं भलं करायला बरीच मोठी माणसं सरसावली. त्यांतल्या एकानंही त्याच्यापुढे ताट ठेवलं नाही, एवढं सोडलं तर त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

सन अडतीसची ही गोष्ट. श्रीपाल निपाणीजवळच्या अकोळचा. घरी तंबाखूचं रान, आणि कॉलेजचं तोंड पाहिलेला घरातला हा पहिलाच. पहिल्या टर्मच्या परीक्षेवरून अर्थशास्त्राच्या ऑनर्ससाठी सबंध कॉलेजातून दोघांची निवड झाली. एक हा आणि दुसरा सांबऱ्याचा मष्णू. मष्णू अनगोळात आपल्या आत्याकडे राहायचा आणि श्रीपाल खासबागेत नेमाण्णा शेठांच्या बोर्डिंगात. नेमाण्णा शेठ निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. जैन समाजाच्या मुलांसाठी त्यांनी हे बोर्डिंग काढलं होतं आणि त्यात त्यांचा एक खास नियम होता. ऑनर्सला बसलेल्या मुलाला राहणं, दोन वेळचं जेवण आणि दिव्याचं तेल फुकट. ऑनर्स सुटलं की फुकटची जागाही सुटली. तसं झालं तर ट्रंक उचलून अकोळची वाट धरायची, दुसरा मार्ग नाही, हे श्रीपालला पक्कं ठाऊक होतं.

बोर्डिंगात जेवण सूर्य बुडायच्या आत उरकायचं. त्याची श्रीपालला कधी अडचण वाटली नव्हती. घरीही तेच होतं; दिवा लागल्यावर त्यानं जन्मात तोंडात घास घातला नव्हता. पावसाळ्यातल्या टर्मला दिवस लांबलचक, कॉलेज सुटल्यावर रमतगमत आलं तरी पंगत मिळायची. पण दिवाळीनंतर दिवस आखडला. त्यात ऑनर्सचा जादा तास प्रोफेसर खांबेटे आपल्या कॅम्पातल्या बंगल्यावर घ्यायचे, तो रोज संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा आणि साडेसहाला संपायचा. सूर्य त्याच्या आधीच आपलं काम आटपून मोकळा होई.

पहिल्या दिवशी श्रीपाल कॅम्पातून खासबागेपर्यंत धापा टाकत आला. स्वयंपाकीण धोंडूबाई चूल सारवून हात धूत होती.

“धोंडूबाई, ताट?”

“कसलं ताट? सूर्य कवाच बुडाला.”

“पळत आलोय की मी.”

“तू पळालास, त्यो बी पळाला. त्यो तुझ्या म्होरं गेला, त्याला मी काय करू?”

“झाकून ठेवायचं न्हाय व्हय जरा?”

“ठेवते की. अंधारात खाशील?” धोंडूबाईनं विचारलं आणि श्रीपालनं नकारार्थी मान हलवली. “न्हाय न्हवं? आणि सकाळी शिळं मी कुणाला वाढत न्हाय. पाणी पी आणि नीज.”

दुसऱ्या दिवशी तो बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट उपाध्ये मास्तर यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. जगात ते फक्त नेमाण्णा शेठांना भीत असत, पण ती भीती त्यांना दिवसभर पुरायची.

“मास्तर, मला साडेचारला वाढाल काय?”

“साडेचारला चूल पेटती. पेटलेली चूल वाढायची काय तुला?”

“मग ऑनर्सच सोडतो.”

“सोड की. पण ऑनर्स सोडल्यावर फुकट जेवण न्हाय बघ.”

“ऑनर्स धरल्यावर बी न्हायच की, मास्तर.”

“असं कसं? नियमात तुला दोन्ही येळचं जेवण हाय,” मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. “तूच हजर राहत न्हाईस. ह्यात नियमाचा काय दोष?”

राहता राहिले प्रोफेसर खांबेटे. ते पुण्याचे होते आणि त्यांना विद्यार्थ्यांविषयी कळकळ होती. श्रीपालनं वर्ग तासभर अलीकडे घ्यायची विनंती केली तेव्हा त्यांनी ती चष्मा पुसत पूर्ण ऐकून घेतली.

“पाचपर्यंत माझं क्लबात बॅडमिंटन असतं, मगदूम. आणि एक लक्षात ठेवा, ऑनर्स ही संधी आहे. संधीची वेळ आपण ठरवायची नसते. केक घ्या.”

“केकात अंडं असतंय, सर.”

“असतं, पण दिसत नाही,” खांबेटे म्हणाले आणि त्यांनी तो केक स्वतः खाल्ला. मग त्यांनी त्या दिवशीचा विषय काढला. भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीनं सगळ्यांत जास्त समाधान मिळतं, दुसरीनं त्याहून कमी, तिसरीनं त्याहून कमी, असा तो सिद्धांत होता. श्रीपालनं तो वहीत उतरून घेतला. पुढच्या भाकऱ्यांबद्दल त्याला काहीच म्हणायचं नव्हतं.

तास सुटल्यावर मष्णू म्हणाला, “तुझं पोट माझ्यापेक्षा जास्त बोलत होतं रं वर्गात. चल अनगोळला, आत्या भाकरी घालील.”

“नगं. दिवा लागलाय.”

“मग काय सकाळपत्तूर असाच बसणार?”

“सकाळ न्हवं, दुपार. आमच्यात दुपारीच जेवण असतंय,” श्रीपाल म्हणाला आणि खासबागेची वाट चालू लागला. आता त्याच्या हातात एक रविवार उरला होता. रविवारी तास नसायचा, त्यामुळे त्या दिवशीची संध्याकाळची पंगत त्याला मिळायची. आठवडाभर तो त्या आमटीची वाट बघायचा.

असं चाललं असताना कोर्टाच्या तारखेसाठी नेमाण्णा शेठ बेळगावात आले आणि ऐन संध्याकाळच्या पंगतीला बोर्डिंगात हजर झाले. मुलांच्या रांगेतून फिरताना त्यांनी विचारलं, “आमचा ऑनर्सवाला कुठं दिसत न्हाय?”

उपाध्ये मास्तरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मुलगा उपाशी राहतो म्हणावं तर व्यवस्थेला बोल लागणार. खोटं बोलावं तर समोर भगवंताची तसबीर. तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं. “त्यो संध्याकाळी जेवत न्हाय, शेठ.”

“जेवत न्हाय? म्हंजे एकाशन?”

एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. मुरलेली म्हातारी माणसंसुद्धा ते चार दिवस निभावलं तर धन्य मानतात.

“कधीपासनं करतोय?”

“टर्म सुरू झाल्यापासनं,” मास्तर म्हणाले. हेही खरंच होतं.

शेठांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पाणी खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. नेमाण्णा शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त गहिवरून यायची फार घाई असायची. श्रीपाल घामाघूम होऊन दारात आला तेव्हा शेठ उठले, पुढे झाले आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

“शेठ, ऐका तरी, मी...”

“काय बोलू नगंस, बाळ. बोलून दाखवलं की व्रताचं पुण्य उतरतंय.”

शेठांच्या पाठीमागून मास्तर दोन्ही हात जोडून, मान हलवून, डोळे मोठे करून गप्प राहण्याची याचना करत होते. श्रीपाल गप्प राहिला. त्या वेळी तो खरं बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि त्याला कदाचित साडेचारला चार घास मिळालेही असते. पण भुकेल्या पोटी भांडायला बळ कुठून आणायचं?

रविवारी तो पंगतीला बसला. धोंडूबाईनं आमटीचा पळा उचलला आणि तसाच धरून ठेवला. सगळी रांग श्रीपालकडे बघत होती.

“ऊठ की,” शेजारचा महावीर म्हणाला. हा त्याच्याच खोलीतला, एक वर्ष मागचा. “तुझं एकाशन हाय न्हवं?”

“आज तास न्हाय.”

“व्रताला सुट्टी असती व्हय रं? तुझ्यापायी मास्तर आमच्या भाकऱ्या बारक्या करायला लागल्यात. श्रीपालकडे बघून शिका म्हणत्यात. आता तू खाऊन बघ तर खरं.”

श्रीपाल पाटावरून उठला. आठवड्यातलं एक जेवण उरलं होतं, तेही गेलं.

मग तर कौतुकाचा पूरच आला. शहापूरच्या बायका दुपारच्या वेळी त्याला बघायला येऊ लागल्या. एकीनं त्याच्या पुढ्यात नारळ ठेवला. तो फोडून खावा असं त्याच्या मनात आलं, तोवर मास्तरांनी नारळ देवळात पाठवला. निपाणीच्या बाजारात बातमी पोहोचली आणि एका रविवारी संध्याकाळी त्याचे वडील, अण्णा, आईला घेऊन बोर्डिंगात आले. अण्णांचा फेटा नवा होता.

“शेठनी मला गादीवर शेजारी बसवून घेतलं, श्रीपाल,” अण्णा सांगत होते. “मला मगदूमसाहेब म्हणाले. जन्म गेला माझा त्यांच्या वखारीच्या दारात उभं राहण्यात. आजपत्तूर कवा बस म्हणाले न्हवते.”

आईनं लाडवांचा डबा पदराखाली धरला होता. ती लेकाच्या गळ्याच्या हाडांकडे बघत होती. “लई वाळलास रं.”

“व्रताचं तेज हाय ते. तुला काय कळतंय?” अण्णा म्हणाले.

श्रीपालच्या ओठांवर आलेलं खरं त्या नव्या फेट्याकडे बघून मागे गेलं. बापाला एवढं ताठ बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आईनं डबा तसाच परत नेला, व्रत मोडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर तो आपण होऊन मष्णूच्या मागे अनगोळला गेला. मष्णूची आत्या मालुबाई हिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तव्यावर भाकरी टाकली.

“कांदा न्हाय घातला, लसूण न्हाय घातला. मष्णूनं समदं सांगितलंय मला,” ती म्हणाली. “पण बुडालेला सूर्य काय मला वर काढता येत न्हाय, लेकरा. तेवढं तूच बघ.”

श्रीपालनं पहिला घास हातात धरला. त्याला आईची आठवण झाली, अकोळच्या उंबऱ्यावर बसून उन्हं असताना जेवणारी आजी आठवली, आणि त्याला मनापासून लाज वाटली. मग त्यानं घास तोंडात घातला. दुसऱ्या भाकरीनं पहिलीपेक्षा कमी समाधान मिळतं हे खांबेट्यांचं म्हणणं साफ चुकीचं निघालं. तिसऱ्या भाकरीला तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मालुबाईनं ठेचा तिखट झाला असेल म्हणून त्यावर तूप घातलं.

तेव्हापासून तो रोज अनगोळात जेवू लागला. अंगावर जरा मांस आलं. तेही शेठांनी व्रताच्या खात्यावर जमा केलं. “बघा,” ते ज्याला त्याला सांगत, “एकदाच जेवून पोरगं कसं भरलंय!” आणि टर्म संपायच्या सुमारास त्यांनी श्रीपालचा जाहीर सत्कार ठरवला.

सत्कार बोर्डिंगच्या जेवणाच्या खोलीतच होता. पाहुण्यांना सूर्य असताना जेवायचं होतं म्हणून तो दुपारी ठेवला होता. प्रोफेसर खांबेटे प्रमुख पाहुणे होते. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, शेठांच्या खुर्चीशेजारी. समोरच्या भिंतीवर एक पडदा लावला होता. शेठांनी दोरी ओढली आणि पडद्यामागून चांगली हातभर रुंद फरशी निघाली. तिच्यावर कोरलं होतं: ‘श्री. श्रीपाल मगदूम, बी. ए. (ऑनर्स) यांच्या एकाशन व्रतापासून प्रेरणा घेऊन या बोर्डिंगातील ऑनर्स विद्यार्थ्यांचे सायंभोजन आजपासून कायमचे बंद करण्यात येत आहे. वाचलेले धान्य रोज सायंकाळी पाखरांस घालावे.’

टाळ्या पडल्या. श्रीपालनं फरशी दोनदा वाचली. अजून त्याची परीक्षा व्हायची होती, आणि फरशीनं त्याला पास करून टाकलं होतं.

खांबेटे उठून म्हणाले की ऑनर्सच्या विद्यार्थ्याला समाजानं असाच आधार दिला पाहिजे, आपणही या मुलासाठी आपला संध्याकाळचा वेळ खर्च करत आलो आहोत. मग श्रीपालला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे यापुढे येणारी सगळी ऑनर्सची पोरं उभी राहिली, कॅम्पातून धापा टाकत येणारी.

“मी एकाशन केलेलं न्हाय,” तो म्हणाला. “तास सुटेपर्यंत इथली चूल इझती. मला जेवायला मिळत न्हवतं, म्हणून मी जेवत न्हवतो.”

मग नेमाण्णा शेठ खुर्चीतून अर्धवट उठले आणि खांबेट्यांना म्हणाले, “बघा विनय! खरा व्रती कवा व्रत कबूल करत न्हाय!” आणि आधीपेक्षा मोठ्या टाळ्या झाल्या. कुणीतरी त्याच्या गळ्यात दुसरा हार घातला.

तेव्हा श्रीपालचं डोकं फिरलं.

“आणि आता मी उपाशी बी न्हाय,” तो हार काढत ओरडला. “रोज दिवा लागल्यावर मी अनगोळात मालुबाईंच्या घरी भाकरी खातो. तीन तीन खातो!”

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. अण्णांचा फेटा हळूहळू खाली झुकला. शेठांचा चेहरा पडला, आणि त्यांना बोलायला शब्द सापडले तेव्हा त्यांत धर्मापेक्षा दुसरंच दुःख जास्त होतं.

“मी तुझ्या पाया पडलो रं! चार माणसांत!”

“मी सांगायला आलतो, शेठ. तुमीच म्हणालासा, बोललं की पुण्य उतरतंय.”

“मास्तर! हे काय?”

“मी फक्त जेवत न्हाय म्हणालो, शेठ,” मास्तर म्हणाले. “ते तर खरंच की.”

प्रकरण आता चांगलंच रंगलं असतं. बोर्डिंगचा कारभार, तासाची वेळ, नियमाचा दोष, सगळंच बाहेर निघालं असतं. पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून धोंडूबाईची हाक आली.

“शेठ, उन्हं उतरली! वाढू का नको?”

त्यासरशी सगळी सभा उठली. पाट मांडले गेले, पानं पडली. शेठांनी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याउभ्याच निकाल दिला. पोरानं आजच्या आज ट्रंक उचलावी.

“आणि फरशी, शेठ?” मास्तरांनी विचारलं. “तिच्यावर ह्याचं नाव हाय.”

शेठांनी फरशीकडे बघितलं. चांगली चुन्यात घट्ट बसवली होती, खर्च झाला होता. “असू दे तिला. दगडानं काय पाप केलंय? नियम चांगला हाय, माणूस खोटा निघाला.” आणि ते पंगतीला बसले. खांबेटेही बसले. त्यांना वांग्याची भाजी दोनदा वाढली.

श्रीपाल ट्रंक घेऊन बाहेर आला तेव्हा सत्काराला आलेली आई तोच डबा घेऊन पायरीवर बसली होती. तिनं डब्याचं झाकण काढलं. “खा,” ती म्हणाली. “उन्हं हायत अजून.”

त्यानं लाडू तोंडात घातला. अण्णा पाठ फिरवून उभे होते. ते न वळताच म्हणाले, “मला तरी सांगायचं न्हाईस व्हय रं?” श्रीपालचं तोंड भरलेलं होतं.

मालुबाईनं त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत जागा दिली, त्यामुळे ऑनर्स सुटलं नाही. नवी टर्म सुरू झाली त्याच आठवड्यात क्लबात विजेचे दिवे आले आणि बॅडमिंटन संध्याकाळी खेळायची सोय झाली. खांबेट्यांनी ऑनर्सचा तास सकाळी घ्यायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी, असं ते म्हणाले. आता ऑनर्सचा कुणीही मुलगा सूर्य बुडायच्या कितीतरी आधी बोर्डिंगात परतू शकत होता. फक्त तिथे त्याच्यासाठी जेवण नव्हतं. फरशीवर तसं कोरलेलं होतं.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. श्रीपाल आणि मष्णू जेवायला बसले होते. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. महावीर होता. त्या वर्षी ऑनर्सला त्याची निवड झाली होती.

“तुझा सत्यानाश होवो, मगदूम,” तो म्हणाला. “तुझ्या फरशीखाली बसून रोज बघतोय. समोर अंगणात माझ्या वाटणीचं जोंधळं कबुतरं खात्यात. सूर्य बुडायच्या आत उरकत्यात, नियमानं!”

“हे कोण आणि?” मालुबाईनं विचारलं.

“ऑनर्सचा हाय, आत्या.”

“मग बस की,” ती म्हणाली आणि तिनं आणखी एक पाट सरकवला.

महावीर थोडा घुटमळला, बाहेरच्या अंधाराकडे त्यानं एकदा बघितलं आणि मग बसला. पहिली भाकरी संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. दुसरी मोडताना तो म्हणाला, “उद्या शेठ येणार हायत. मी त्यांना समदं खरं सांगून टाकू काय रं?”

श्रीपालनं घाईघाईनं त्याचा हात धरला.

“नगंस सांगू,” तो म्हणाला. “दुपारचं जेवण अजून चालू हाय न्हवं?”